वाचकांचे प्रश्न : तुवालूला जायचे, तर

पॅसिफिक महासागरातील लहान राष्ट्रांविषयी मागील अंकात एक छोटे टिपण छापले होते. त्यात तुवालूच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला होता, पण सर्वाधिक पत्रे त्या एका परिच्छेदावरच आली. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला नऊ प्रवाळबेटांचा हा देश आहे. सगळी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर आणि वस्ती दहा-अकरा हजारांची. पूर्वी ही एलिस बेटे म्हणून ओळखली जात आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी ती ब्रिटनपासून स्वतंत्र झाली. आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाची एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नुकतेच निवृत्त झालो आहोत. फिजीला जाण्याचे नक्की झाले आहे, तेव्हा तिथूनच तुवालूही पाहून यावे असा विचार आहे. विमानांची सोय कशी आहे, व्हिसा लागतो का, आणि किती दिवस हाताशी ठेवावेत?

उत्तर : आपण फिजीहून जाणार आहात हे उत्तमच, कारण प्रवाशाला व्यवहारात दुसरी वाट जवळजवळ नाही. देशातला एकमेव विमानतळ राजधानी फुनाफुटी येथे आहे आणि तेथे फिजी एअरवेजची पंख्यांची लहान विमाने, मुख्यतः फिजीची राजधानी सुवा हिच्याजवळच्या नौसोरी विमानतळावरून, अडीच तासांच्या आसपास पोहोचतात. मात्र ही उड्डाणे आठवड्यातून मोजकीच असतात. म्हणून माझा सल्ला असा, की फिजीतील हॉटेले, परतीचे तिकीट वगैरे सगळे ठरवून झाल्यावर तुवालू मधल्या फटीत बसवू नये. आधी तुवालूची दोन्ही तिकिटे पक्की करावीत आणि मग बाकीचा प्रवास त्यांच्याभोवती आखावा. या विमानांत पर्यटक थोडे आणि फिजीत शिकणारे विद्यार्थी, सरकारी कामाने फिरणारे अधिकारी व उपचारांसाठी निघालेले रुग्ण अधिक असतात, त्यामुळे जागा ऐनवेळी मिळतीलच असे नाही. हवामानामुळे एखादे उड्डाण रद्द झाले, तर पुढचे त्याच दिवशी नसते. म्हणून तुवालूहून परतल्या दिवशीच मायदेशीचे विमान धरण्याचा हिशेब करू नये, मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

व्हिसाविषयी म्हणाल तर भारतीय पारपत्रधारकांना फिजीसाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. तुवालूचा प्रवेशपरवानाही तेथे उतरल्यावर मिळतो. त्यासाठी परतीचे तिकीट, राहण्याची ठरलेली सोय आणि पुरेशी मुदत शिल्लक असलेले पारपत्र दाखवावे लागते. असे नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विमान कंपनीकडून एकदा खात्री करून घ्यावी. फिजीला जाताना सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे गेल्यास मधल्या मुक्कामाच्या व्हिसाची कटकट सहसा होत नाही. ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडमार्गे जाणाऱ्यांनी मात्र ती बाजू आधी पाहावी.

राहिला दिवसांचा प्रश्न. फुनाफुटीपुरते जायचे असेल तर एका विमानाने उतरून त्यापुढच्या किंवा त्याच्याही नंतरच्या विमानाने परतावे, म्हणजे तीन-चार दिवस मिळतात आणि ते पुरतात. इतक्या लांब जाऊन तीनच दिवस, असे काहींना वाटेल. परंतु फुनाफुटी हे लहान बेटांचे कडे असून त्यातले राजधानीचे फोंगाफाले हे बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १२ किलोमीटर लांब आहे, आणि रुंदीला काही ठिकाणी इतके अरुंद, की रस्त्याच्या एका बाजूला खुला महासागर आणि दुसऱ्या बाजूला बेटांच्या कड्याने वेढलेले खाजण, दोन्हींच्या लाटा एकाच जागी उभे राहून दिसतात. स्थळे पाहण्याची यादी करून फिरणाऱ्याची यादी येथे पहिल्याच दिवशी संपेल. ज्यांना संध्याकाळी लोकांमध्ये नुसते बसायला आवडते, त्यांना मात्र दिवस अपुरे पडतील.

त्या बसण्याची जागाही सांगून ठेवतो. ती म्हणजे धावपट्टी. बेटावर सपाट, मोकळी आणि रुंद अशी ती एकच जागा. विमान यायच्या वेळी भोंगा वाजतो, माणसे आणि कुत्री बाजूला होतात, विमान उतरते, जाते, आणि पुन्हा दुचाक्या आडव्या जाऊ लागतात. उन्हे उतरली की डांबरावर रग्बी, फुटबॉल, व्हॉलीबॉल यांचे डाव शेजारीशेजारी मांडले जातात. कडेला चटया पसरून आज्या नातवंडांना घेऊन बसतात. उकाडा फार झाला की काही जण रात्री तिथेच अंथरूण टाकतात, कारण वारा सरळ तेथूनच वाहतो.

प्रश्न : तेथे क्रेडिट कार्ड चालते का? पैसे किती आणि कोणते न्यावेत?

उत्तर : रोख न्यावेत, आणि ते ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. तुवालूची स्वतःची नाणी आहेत, पण नोटा ऑस्ट्रेलियाच्याच चालतात. पैसे काढण्याचे यंत्र या देशात एप्रिल २०२५ पर्यंत एकही नव्हते. आता ते आले असले, तरी परदेशी कार्डाच्या भरवशावर जाणे शहाणपणाचे नाही. निवासाचे, जेवणाचे, नौकेच्या भाड्याचे आणि विमान चुकले तर आणखी काही दिवसांचे, असा सगळा हिशेब करून रक्कम फिजीतच बदलून घ्यावी. निवासासाठी एक हॉटेल आणि काही घरगुती लॉज आहेत. एखादी सरकारी परिषद भरली, की सगळ्या खोल्या एकदम भरतात. ईमेलला उत्तर उशिरा येते, म्हणून धीर सोडू नये. मात्र होकार हाती आल्याशिवाय निघूही नये.

प्रश्न : मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. कंकणाकृती प्रवाळबेट कसे तयार होते, हे अनेक वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. फुनाफुटीचा या सिद्धान्ताशी संबंध आहे असे कुठेतरी वाचले होते. तेथे त्याची काही खूण पाहायला मिळते का?

उत्तर : सर, आपल्यासारख्या वाचकाने तर तेथे जायलाच हवे. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलेला विचार आपण शिकवलाच असेल : ज्वालामुखीचे बेट हळूहळू खाली खचत जाते, त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ प्रकाशासाठी वर वर चढत राहतात, आणि अखेर मधला डोंगर पाण्याखाली गेल्यावर उरते ती केवळ प्रवाळांची बांगडी आणि तिच्या मधले खाजण. हे खरे असेल तर खाली शेकडो मीटर जाडीचा प्रवाळखडक सापडला पाहिजे. तो आहे की नाही, हे भोक पाडून पाहण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने जी जागा निवडली ती फुनाफुटी.

१८९६ सालची पहिली मोहीम फसली. वाळू आणि प्रवाळांचे सुटे तुकडे यांत छिद्रक अडकून बसत होता. पुढच्या वर्षी सिडनीचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड यांच्या नेतृत्वाखाली काम पुन्हा सुरू झाले आणि १८९८ मध्ये छिद्र सुमारे ३४० मीटर खोल गेले. तेथपर्यंत वर आलेला सगळा नमुना उथळ पाण्यातल्या जीवांपासून बनलेल्या चुनखडकाचा होता. इतक्या खोलीवर असे प्रवाळ वाढू शकत नाहीत, म्हणजे तळ खचला असला पाहिजे. ज्वालामुखीचा खडक मात्र लागला नाही आणि त्यामुळे वाद पुरता मिटलाही नाही. तो मिटला अर्धशतकानंतर, १९५२ साली, मार्शल बेटांतील एनेवेटाक येथे अमेरिकनांनी पाडलेली छिद्रे बाराशे ते चौदाशे मीटरवर बेसाल्टला जाऊन भिडली तेव्हा.

फोंगाफालेवर त्या जुन्या छिद्राची जागा आजही दाखवतात. स्थानिक लोक तिला डेव्हिडचे ड्रिल या अर्थाच्या नावानेच ओळखतात. दिसायला तेथे फारसे काही नाही. घरांच्या मधोमध, झाडांच्या सावलीत, सिमेंटच्या चौथऱ्यातले एक भोक, एवढेच. विचारत विचारत जावे लागते आणि बहुधा एखादे शाळकरी पोरच तेथवर घेऊन जाते. पण आपण फळ्यावर काढलेल्या आकृतीचा पुरावा येथे पायाखाली आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या चौथऱ्यापाशी दहा मिनिटे उभे राहावेसे वाटेल.

दुसरी एक गोष्ट महासागराच्या बाजूला पाहावी. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे नावाच्या चक्रीवादळाने फुनाफुटीवरची बहुतेक घरे पाडली आणि त्याच वादळाने समुद्रतळावरून प्रवाळांचे तुकडे उचलून किनाऱ्यालगत जवळपास १९ किलोमीटर लांबीचा बांध रचून ठेवला. काही ठिकाणी त्याची उंची चार मीटरपर्यंत होती. पुढे लाटांनी तो बांध हळूहळू आत लोटला आणि त्यातले दगडगोटे बेटाच्या काठाला जोडले गेले. ज्या वादळाने वस्ती उद्ध्वस्त केली, त्यानेच जमिनीत भर घातली. बेट म्हणजे खडकाचा स्थिर तुकडा नसून, प्रवाळांचे तुकडे आणि फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचे यांचा सतत सरकणारा ढीग आहे, हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर समजते. ती कवचे मुठीत वाळू घेऊन, जमल्यास लहान भिंग लावून, अवश्य पाहावीत.

प्रश्न : तुवालू काही वर्षांत बुडणार आहे असे सतत ऐकतो. बुडण्यापूर्वी तो पाहून घ्यावा असे वाटते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींना वेगवेगळे उत्तर द्यायला हवे.

बुडण्याचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते ते असे, की किनाऱ्यावरून पाणी चढत चढत आत येते आणि एके दिवशी सगळे झाकून टाकते. तुवालूत प्रत्यक्षात घडते ते याहून अवघड आहे. तेथे समुद्राची पातळी तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटरने वाढली आहे. देशातली सर्वांत उंच जागा पाच मीटरही भरत नाही. दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सर्वांत मोठ्या भरत्या येतात, तेव्हा पाणी किनारा ओलांडून येतेच, पण बेटाच्या मध्यभागी, धावपट्टीच्या आसपासच्या सखल जागी, ते जमिनीतून बुडबुडे काढत वर येते. प्रवाळखडक सच्छिद्र असल्यामुळे काठाला कितीही भक्कम भिंत बांधली, तरी खालून येणारे पाणी अडत नाही. भरती ओसरली की पाणी जाते, पण मीठ मागे राहते.

त्या मिठाचा परिणाम पाहायचा असेल तर पुलाकाचे खड्डे पाहावेत. पुलाका हा अळूच्या कुळातला मोठा कंद. प्रवाळबेटावर माती नसते आणि नदी नसते, परंतु पावसाचे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर हलक्या थरासारखे तरंगत राहते. तुवालूच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या थरापर्यंत खड्डे खणले, त्यांत पाने कुजवून खत केले आणि पुलाका लावला. हे खड्डे वारशाने मिळतात, आणि कोणाचा पुलाका मोठा यावरून घराण्यांची चढाओढ चाले. खारे पाणी त्या थरात शिरले, की आधी पानांच्या कडा पिवळ्या पडतात आणि मग कंद खालून सडतो. फोंगाफालेवरचे कित्येक खड्डे आता सोडून दिलेले आहेत. जमीन जागेवर असताना ती राहण्याजोगी उरत नाही, असा तो प्रकार आहे.

आता याची दुसरी बाजू. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ या काळातील हवाई व उपग्रह छायाचित्रे ताडून २०१८ मध्ये असे दाखवले, की तुवालूच्या नऊ प्रवाळबेटांत मोडणाऱ्या १०१ लहान-मोठ्या बेटांचे एकूण क्षेत्रफळ या काळात कमी न होता २.९ टक्क्यांनी वाढले. काही बेटे झिजली, पण अधिक बेटांवर लाटांनी वाळू आणून टाकली. या निष्कर्षाचा उपयोग काही लोकांनी हवामानबदल ही थाप आहे असे म्हणण्यासाठी केला, तो साफ चुकीचा आहे. क्षेत्रफळ वाढले म्हणजे उंची वाढली असे नव्हे, आणि पिण्याचे पाणी व शेती यांचा प्रश्न क्षेत्रफळाने सुटत नाही. मात्र उद्या सकाळी नकाशावरून पुसला जाणारा देश, हे चित्रही तितकेच चुकीचे आहे.

तेथले लोकही हात बांधून बसलेले नाहीत. फोंगाफालेच्या खाजणाच्या बाजूला सुमारे ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी उंच भरावजमीन तयार केली आहे. आपण गेलात तर ती दिसेलच. त्याचबरोबर ऑस्ट्रेलियाशी केलेला फालेपिली करार २०२४ मध्ये अमलात आला, आणि त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२५ मधील पहिल्या सोडतीसाठी, कुटुंबीयांची नावे धरून, देशातील बहुतांश लोकांनी नोंदणी केली. या आकड्यावरून सगळे देश सोडायला निघाले आहेत असा अर्थ मी काढणार नाही. मुलांच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दार उघडे असावे, असे कोणत्याही बेटावरच्या आईबापांना वाटते.

म्हणून बुडण्यापूर्वी पाहून घेण्याच्या भावनेविषयी स्पष्टच लिहितो. ती मनातून काढून टाकून मगच जावे. आपल्या घराकडे कोणी शेवटच्या दर्शनाला आल्यासारखे पाहिले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच तेथल्या माणसांना वाटते. त्यात वर्षानुवर्षे पत्रकार आणि छायाचित्रकार येऊन हाच एक प्रश्न विचारून गेले आहेत. आपण त्यांना मासेमारीविषयी विचारावे, शाळेविषयी विचारावे. समुद्राचा विषय त्यांना काढायचा असेल तेव्हा ते काढतील.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. खाण्यापिण्याचे काय होईल?

उत्तर : हाल होणार नाहीत, पण चोचले पुरवले जातील अशी आशाही ठेवू नये. तेथला मुख्य आहार मासे, त्यातही ट्यूना, आणि त्याच्या जोडीला नारळ, विलायती फणस, पुलाका, केळी व बाहेरून आलेला भात. मांस, कणीक, साखर, कांदे-बटाटे हे सगळे जहाजाने येते आणि जहाज लांबले की दुकानातले फळकूट रिकामे दिसते. भात, नारळाच्या दुधात शिजवलेला विलायती फणस आणि अंडी चालत असतील तर अंडी, यांवर दिवस निभतात. तैवानच्या कृषी पथकाने फोंगाफालेवर भाजीचा मळा उभा केला आहे. तेथली काकडी आणि हिरवा पाला विक्रीला निघतो तेव्हा सकाळी लवकर रांग लागते. लॉजच्या मालकीणबाईंना आधी सांगून ठेवले, तर त्या आपल्यासाठीही आणून ठेवतात. तरी सुकी चटणी, मेतकूट, भाजलेले पीठ असे बंद पाकिटातले थोडे जवळ असावे. उतरल्यावर जैवसुरक्षा तपासणी असते, म्हणून बियाणे, ताजी फळे, लोणच्याच्या कच्च्या कैऱ्या असले काही नेऊ नये, आणि जे नेले असेल ते अर्जात लिहावे.

पाण्याबद्दल मात्र जास्त गांभीर्याने वागावे. फोंगाफालेवर वापराचे पाणी म्हणजे पत्र्यावर पडून टाकीत साठलेले पावसाचे पाणी. विहिरींचे पाणी आता वापरण्याजोगे राहिलेले नाही. एरवी पाऊस भरपूर पडतो, पण तो काही महिने रुसला तर मागे राखीव असे काहीच नसते. २०११ मध्ये असाच पाऊस लांबला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली, घरटी दिवसाला दोन बादल्या असे पाणी वाटले गेले आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाने खारे पाणी गोडे करणारी यंत्रे विमानाने पाठवली. लॉजवरचा नळ सोडताना हे लक्षात असू द्यावे. आंघोळ एकदाच आणि बादलीने करावी. कपडे धुण्याचा आग्रह धरू नये, चार दिवस कपडे पुरतात. प्यायला उकळलेले किंवा बाटलीतले पाणी घ्यावे. रिकाम्या बाटल्या, बॅटऱ्या आणि प्लास्टिक मात्र परत फिजीत आणावे, कारण तेथे कचरा टाकायला बेटाच्या टोकाखेरीज जागा नाही.

प्रश्न : राजधानी सोडून दूरच्या बेटांवर जाता येते का? नानुमेआ बेटाविषयी विशेष उत्सुकता आहे.

उत्तर : जाता येते, फक्त परत केव्हा येता येईल हे सांगता येत नाही. बाहेरच्या बेटांवर विमान जात नाही. सरकारी जहाजे काही आठवड्यांच्या अंतराने फेऱ्या करतात, आणि वेळापत्रक हवा, माल, एखादे लग्न वा निवडणूक यांप्रमाणे हलते. दक्षिणेकडच्या नुकुलाएलाएला एका रात्रीत पोहोचता येते. नानुमेआ उत्तरेच्या टोकाला आहे, वाटेत बेटे घेत जायला दिवस लागतात. डेकवर चटई टाकून प्रवास करण्याची तयारी हवी.

उतरण्याचा प्रकारही समजून घ्यावा. बहुतेक बेटांना जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज प्रवाळकड्याबाहेर थांबते, कारण कडा संपला की समुद्र एकदम खोल होतो आणि नांगरही नीट धरत नाही. लहान नौका जहाजाच्या कुशीला येते. ती लाटेवर वर आली की पाऊल टाकायचे, खाली गेली की थांबायचे. खलाशी दंड धरून बरोबर त्या क्षणी सोडतात. पुढे प्रवाळात फोडलेल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी नौका थबकते, चालवणारा मागे वळून लाटा पाहत राहतो, एक सोडतो, दुसरी सोडतो आणि मग एका लाटेच्या पाठीवर सगळ्यांना आत नेतो. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा दोनच आठवड्यांची रजा असणाऱ्यांनी हा बेत करू नये. ज्यांना महिना मोकळा आहे त्यांनी आधी त्या बेटाच्या काउपुले, म्हणजे स्थानिक परिषदेकडे कळवून परवानगी आणि राहण्याची सोय करून घ्यावी. नानुमेआवर दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन धावपट्टीचे आणि बॉम्बफेकी विमानाचे अवशेष आहेत.

एवढे सगळे करणे शक्य नसेल तर फुनाफुटीच्या खाजणाच्या पश्चिम बाजूला १९९६ मध्ये राखीव ठेवलेले ३३ चौरस किलोमीटरचे संवर्धनक्षेत्र पाहावे. त्यात निर्मनुष्य अशी सहा लहान बेटे येतात. तेथे मासेमारीला बंदी आहे. नौका फुनाफुटीच्या काउपुलेकडून ठरवता येते. खाजण पार करायला वेळ लागतो, डोक्यावर ऊन असते आणि छप्पर नसते. पण तेथले पाणी, त्यातले मासे आणि झाडांवरची समुद्रपक्ष्यांची घरटी पाहिल्यावर भाड्याची रक्कम खटकत नाही. संबंध मुक्कामात एकच खर्च सढळ हाताने करायचा असेल तर तो याच्यावर करावा.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. तेथे सुरक्षित वाटेल का? पोशाखाचे आणि चालीरीतींचे काही नियम आहेत का?

उत्तर : सुरक्षिततेची काळजी करू नये. सगळा देश एकमेकांना ओळखतो आणि आपण दुसऱ्या दिवशी कुठे चहा घेतला हे तिसऱ्या दिवशी सर्वांना ठाऊक असते. काळोखात भटकी कुत्री मात्र अंगावर येतात, म्हणून विजेरी जवळ ठेवावी.

चालीरीती सौम्य आहेत, पण आहेत. बहुतेक लोक प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती आहेत. १८६१ मध्ये कुक बेटांतील मानिहिकीचा एलेकाना नावाचा धर्मसेवक वादळात भरकटत नुकुलाएलाएला लागला, तेथून ही परंपरा सुरू झाली. रविवारी दुकाने बंद, कामे बंद, खेळ बंद. त्या दिवशी नौकाविहार ठरवू नये. चर्चमध्ये गेल्यास स्वागतच होते आणि तेथले सामूहिक गायन ऐकण्यासारखे आहे. वस्तीत वावरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पोहतानाही स्त्रिया अंगावर सुलू, म्हणजे लुंगीसारखे कापड, गुंडाळतात किंवा कपड्यांसह पाण्यात उतरतात, तसेच आपणही करावे. सभागृहात, म्हणजे फालेकाउपुलेमध्ये, चटईवर मांडी घालून बसावे, कोणाकडे पाय पसरू नयेत, आणि बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जाताना किंचित वाकून जावे. हे शेवटचे आपल्याकडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. भेटल्यावर 'तालोफा' आणि आभार मानताना 'फाकाफेताई' म्हटले की लोक खुलतात.

आपण असताना फातेले नाच होणार असेल तर चुकवू नये. लाकडी पेटीवर हातांनी ताल धरलेला असतो, गाणारे तिच्याभोवती दाटीने बसलेले असतात, एकच कडवे पुन्हा पुन्हा म्हणत लय वाढत जाते, आणि ती कमाल वेगाला पोहोचली की एकदम थांबते. दोन बाजूंचे दोन गट आळीपाळीने हे करतात. कोणी हार मानायला तयार नसल्यामुळे मध्यरात्र सहज होते.

प्रश्न : समुद्रात पोहणे, औषधे, हवामान यांबाबत साठीच्या पुढच्या प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

उत्तर : मे ते ऑक्टोबर हा काळ त्यातल्या त्यात कोरडा आणि वाऱ्याचा. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस अधिक आणि वादळाची शक्यताही अधिक. उष्णता वर्षभर तीसच्या आसपास असते, दमटपणा सतत जाणवतो. पोहायचे ते खाजणाच्या बाजूला, आणि तेही वस्तीपासून दूर, कारण दाट वस्तीलगतच्या पाण्यात सांडपाणी झिरपते. महासागराच्या बाजूला उतरू नये. पाण्यात रबरी बूट घालावेत. प्रवाळाने कापलेली जखम लहान दिसली तरी लगेच स्वच्छ धुऊन औषध लावावे, ती चटकन चिघळते. मलेरिया तेथे नाही, पण डेंगीच्या साथी येतात, म्हणून डास टाळण्याचे मलम हवे. फुनाफुटीत एक रुग्णालय आहे आणि साध्या आजारांची देखभाल तेथे होते. हृदयाचा झटका किंवा मोठे हाड मोडणे अशा प्रसंगी रुग्णाला फिजीला हलवावे लागते, आणि विमान रोज नसते हे वर आलेच आहे. त्यामुळे विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा काढल्याशिवाय निघू नये, आणि नेहमीच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट न्याव्यात.

प्रश्न : माझ्या नातवाला टपाल तिकिटे जमवण्याचा छंद आहे. तुवालूची तिकिटे प्रसिद्ध आहेत असे तो म्हणतो. खरे का?

उत्तर : नातवाची माहिती पक्की आहे. इंटरनेटवरील पत्त्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘डॉट टीव्ही’ या तुवालूच्या नावे असलेल्या अक्षरांतून या देशाला चांगले उत्पन्न मिळू लागण्याच्या कितीतरी आधी टपाल तिकिटे हे त्याच्या कमाईचे एक साधन होते. संग्राहकांसाठीच काढलेल्या मालिका भरपूर आहेत, त्यामुळे जुन्या तिकिटांना सरसकट मोठी किंमत येईल असे मात्र समजू नये. फुनाफुटीत टपाल तिकीट विभागाचे कार्यालय आहे. तेथे जुने संचही विकत मिळतात. मासे, शंख-शिंपले, पक्षी आणि जहाजे यांच्या मालिका मुलाला आवडतील. तिकिटे विकत घ्यावीतच, शिवाय त्याच्या नावे तेथूनच एक पत्र टाकावे. ते पोहोचायला अनेक आठवडे लागतील, पण फुनाफुटीचा शिक्का असलेले पाकीट त्याच्या संग्रहात अधिक मोलाचे ठरेल. शिक्का स्पष्ट उमटवून द्या असे खिडकीपाशी सांगितले, तर तेथले कर्मचारी ते आनंदाने करतात. कार्यालय शनिवार-रविवारी बंद असते, तेव्हा हे काम पहिल्याच कामाच्या दिवशी उरकून घ्यावे.